मिटलेली केस पोराच्या मागं का लागते, साहेब?

मा. पालकमंत्री साहेब, सोलापूर जिल्हा,
सप्रेम नमस्कार.

अक्कलकोट रोडला माझं टू-व्हीलरचं गॅरेज आहे. पोरं सुधरत नाहीत असं सगळेच म्हणतात, म्हणून एका पोराचं सांगतो, नाव सांगत नाही.

आई विड्या वळते, बाप नाही. सोळाव्या वर्षी गल्लीतल्या भाईच्या नादी लागला, बड्डेला तलवारीनं केक कापायचा, रील टाकायची, आणि एक दिवस मारामारीत नाव आलं. बाल न्याय मंडळानं समज देऊन सोडलं, केस मिटली. मग आईच माझ्याकडं घेऊन आली. पहिले दोन महिने पाना पण धड धरत नव्हता, सारखा भाईचा फोन. मी बोललो काही नाही, नुसतं कार्बोरेटर खोलून पुढं ठेवायचो. एक दिवस त्यानं स्वतः जेट साफ करून बसवला आणि गाडी एका किकमध्ये चालू झाली, त्या दिवशी जेवायचं पण विसरला बघा.

चार वर्षं झाली. परवा चिंचोळी एमआयडीसीत कामाची जागा निघाली, कंपनीनं पोलिसांचा चारित्र्याचा दाखला मागितला, तर ठाण्यात म्हणले जुनी केस दिसतीय, क्लिअर येणार नाही. जागा गेली. दुसऱ्या दिवशी भाईचा माणूस गॅरेजसमोर गाडी लावून उभा, असली बातमी त्यांना लगेच लागते.

साहेब, बाल न्याय कायदा २०१५, कलम ७४. अठराच्या आतल्या पोराची केस निकाली निघाली असेल तर दाखल्यासाठी पोलिसांनी ते रेकॉर्ड उघड करायचंच नाही, हे त्यात सरळ लिहिलंय. मी वकिलाकडं जाऊन वाचून घेतलं. मग खिडकीवरच्या माणसाला हे कोण सांगणार?

सोलापूरला शिक्का काय असतो ते माहितीय. इंग्रजांच्या १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं जमातीच्या जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरवल्या, इथं तारेच्या कुंपणात त्यांना कोंडून ठेवायची सेटलमेंट होती, तो कायदा जायला देश स्वतंत्र होऊन १९५२ उजाडलं. आता एकेका पोरावर तोच शिक्का कशाला?

नवीन योजना मागत नाही. शहर आणि ग्रामीण, दोन्हीकडच्या सगळ्या ठाण्यांना कलम ७४ चं एक लेखी पत्र काढायला लावा, आणि ज्यांचे दाखले असे अडकलेत ते परत तपासायला सांगा. या पोराच्या अर्जाची पावती माझ्या गल्ल्यात ठेवलीय, तुम्ही म्हणाल त्या दिवशी त्याला घेऊन येतो.

आपला,
एक गॅरेजवाला, सोलापूर