कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या आण्णांना, होडीच्या नांगराच्या निमित्तानं

आण्णांस सा. न. वि. वि.

हे पत्र तुम्ही स्वतः वाचणार नाही हे मला माहीत आहे. नात मोबाईलवरून मोठ्यानं वाचेल आणि तुम्ही ग्राइंडर चालू ठेवूनच ऐकाल. तरी जाहीर लिहितोय, कारण तुमच्या शेडमध्ये स्टुलावर बसून मला जे मिळालं ते शिडाची छोटी कयाक, म्हणजे वल्ह्यानं चालणारी अरुंद होडी, टपावर बांधून फोंडा घाट उतरणाऱ्या आणखी चौघांच्या कामी यावं. पैसे तर तुम्ही घेतले नाहीत. मग आभार तरी घ्या.

चौदा फुटी प्लास्टिकच्या कयाकला नांगर कशाला, असं मला इथं सगळ्यांनी विचारलं. तुम्ही विचारलं नाही. तुम्ही एवढंच विचारलंत, "खंय सोडतंस ती?" देवबागला, कर्लीच्या मुखाशी, असं मी म्हटल्यावर तुम्ही हातातला वेल्डिंग रॉड खाली ठेवलात. सकाळचा जमिनीकडून येणारा मतलई वारा पडतो आणि दुपारचा समुद्राकडचा खारा वारा लागायला अजून वेळ असतो, त्या मधल्या वेळात शीड फडक्यासारखं लोंबतं. त्याच वेळी ओहोटी असली की खाडीचं पाणी समुद्राकडं धावत सुटतं. वल्ही मारून दमलेल्या माणसाला तिथं एकच गोष्ट थांबवू शकते. तुमचे वडील मालवणात तांडेल, होडीचे प्रमुख, होते, म्हणून ही गोष्ट मला तुम्हाला समजावून सांगावी लागली नाही.

मी दोन नांगरांत अडकलो होतो. एक दीड किलोचा, चार पाकळ्यांचा, मिटणारा, आणि दुसरा दोन किलोच्या आतला, दोन चपट्या फाळांचा डॅनफोर्थ. पहिला देखणा, पिशवीत मावणारा, म्हणून जो तो तोच घेतो. तुम्ही तो हातात घेऊन फिरवलात आणि म्हणालात, हा विहिरीत पडलेली बादली काढायचा गळ आहे, अडकायला काहीतरी असलं तरच अडकणार. खडकात, दगडांच्या फटीत, शेवाळाच्या दाट झुबक्यात तो झकास. तारकर्ली-देवबागच्या वाळूत किंवा खाडीच्या गाळात मात्र तो नुसता चर पाडत मागं येतो. डॅनफोर्थचे फाळ रुंद असतात आणि दांड्याशी ठरावीक कोनात वळतात. दोर आडवा ओढला की ते वाळूत खाली खाली घुसत जातात. खडकावर मात्र तो निकामी, घसरतच राहतो.

मग मी विचारलं की मोठा मिटणारा, तीन-सव्वातीन किलोचा घेतला तर वजनानं धरणार नाही का? यावर तुम्ही उत्तर दिलं नाही. स्कूटरवर मागं बसवून मला पंचगंगेवर नेलंत. हिवाळ्याचे दिवस, राजाराम बंधाऱ्याला पाणी अडवायचे बरगे घातलेले, पाणी तुंबून संथ झालेलं आणि काठाला पुराचा गाळ अजून ओला. डॅनफोर्थ गाळात ठेवलात, दोर माझ्या हातात दिलात आणि सांगितलंत, उकिडवा बसून ओढ. ओढला. फाळ आधी थोडे घसरले, मग टोकं टेकली, गाळाला भेग पडली आणि बघता बघता अर्धा दांडा आत गेला. मी टाचा रोवून ओढत होतो आणि तो जागचा हलेना. मग म्हणालात, आता उभा राहा, हात डोक्यावर घे आणि ओढ. एका हिसड्यात नांगर गाळाचा गोळा घेऊन बाहेर. तोच नांगर, तेच वजन, तोच माणूस. फक्त दोराचा कोन बदलला होता.

घाटावर कपडे धुणाऱ्या बायका आमच्याकडं बघून हसत होत्या, ते वेगळं.

साखळी आणि दोराची लांबी यांचं सगळं गणित त्या कोनासाठीच आहे हे तिथं उकिडवं बसूनच मला उमगलं. घरी येऊन आकडे मांडले. दोर ताठ ताणलेला धरला तर खोलीच्या तिप्पट लांबीला तो तळाशी साडेएकोणीस अंशांचा कोन करतो, पाचपटीला साडेअकरा, सातपटीला आठच्या थोडा वर. नांगराजवळ दीड-दोन मीटर साखळी असली की ती आपल्या वजनानं दांड्याचं डोकं खाली दाबून ठेवते आणि लाटेचा हिसका थेट फाळांवर येऊ देत नाही. सहा मिलीमीटरची साखळी मीटरला पाऊण किलोच्या आसपास भरते. म्हणजे नांगरात वाढवायचं वजन साखळीत घातलं तर त्याच वजनात जास्त पकड मिळते. तुम्ही जस्ताचा मुलामा असलेलीच साखळी घ्यायला लावलीत, आणि ती नांगराला जोडणारी पिनेची कडी, शॅकल, तीही तसलीच. चकचकीत स्टेनलेसचं शॅकल जस्ताच्या साखळीला लावलं की खाऱ्या पाण्यात साखळीचं जस्त आधी खाल्लं जातं. शॅकलची पिन पान्यानं आवळून वर तार गुंडाळलीत, ती अजून तशीच आहे.

खोली मोजताना भरती धरायची, हेही तुमचंच. आपल्या किनाऱ्यावर दिवसातून दोन भरत्या आणि दोन ओहोट्या. सहा तासांत पाणी बदलतं आणि उधाणाला ते दीड-दोन मीटर सहज चढतं. ओहोटीला दोन मीटर पाण्यात दहा मीटर दोर सोडून पाचपट झाली म्हणून निवांत डबा खात बसलेल्या माणसाचं भरतीला अडीचपटीवर येतं, आणि नांगर त्याला न सांगता उठतो. मी तीस मीटर दोर ठेवतो.

दोरावरून आपलं वाजलं होतं. तुमचं म्हणणं दहा मिलीमीटरचा नायलॉन, मला हवा होता सहाचा, कारण कयाकच्या ओझ्याला सहाचा पुरून उरतो आणि पिशवी लहान होते. ओल्या हातांना बारीक दोर कापतो हे तुमचं खरं. शेवटी आठवर तडजोड झाली. नायलॉनबद्दल मात्र दुमत नव्हतं. तो ताणला जातो, हिसका गिळतो आणि पाण्यात बुडतो. निळा-हिरवा स्वस्त प्लास्टिकचा दोर तरंगतो आणि नेमका सुकाणूत जाऊन बसतो.

आता ज्यासाठी मुख्यतः हे पत्र. मी विचारत होतो, दोर कयाकला कुठं बांधू? तुम्ही म्हणालात, "आधी सोडूचा कसा ता बघ, मगे बांधूचा." सगळी जोडणी त्या क्रमानं झाली. दोराच्या शेवटाला गाठ मारून तो कयाकला कायमचा बांधायचाच नाही. त्या टोकाला बोया. मध्ये दोर बसायच्या जागेजवळच्या क्लीटमध्ये, म्हणजे दोर अडकवायच्या खुंटीत, नुसता अडकवलेला, एका हातानं झटक्यात सुटणारा. बोट अंगावर आली, लाट उलटी फिरली, काहीही झालं तरी क्लीटमधून दोर काढायचा आणि सगळं पाण्यात सोडून द्यायचं. बोया तरंगत राहतो, नंतर येऊन उचलायचं. एवढं करूनही दोर अडकलाच तर कापायला छातीशी सुरी.

दोर कयाकच्या बाजूवरून कधीच सोडायचा नाही हे तुम्ही बजावलंत. ओढ बाजूला बसली की प्रवाह आडव्या अंगावर येतो, कड खाली दाबली जाते आणि मग पाणी आत. ओढ नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर हवी. पण डोलकाठी आणि शीड ओलांडून अरुंद कयाकच्या नाळेपर्यंत सरकणं म्हणजे आपणच उलटणं. म्हणून डाव्या बाजूनं पुढून मागं दोन पुलींवर फिरणारी दोरीची माळ आणि तिच्यात एक कडी. नांगराचा दोर कडीतून ओवायचा आणि बसल्या जागेवरून माळ ओढून कडी नाळेकडं पाठवायची. डावी बाजू अशासाठी की शिडाची दोरी माझ्या उजव्या हाताला असते. दोन्ही एकाच बाजूला असत्या तर घाईत चुकीची सुटली असती. आणि शीड आधी उतरवायचं, नांगर नंतर. भरलेलं शीड नांगरावर असलेल्या कयाकला इकडून तिकडं पळवत राहतं.

पुलींचे बोल्ट बसवताना तुमची कारागिरी दिसली. त्या प्लास्टिकला सिलिकॉन धड चिकटत नाही, आणि नुसता बोल्ट घातला तर ओढीनं भोक लांबट होतं. तुम्ही आतून ॲल्युमिनियमच्या पट्ट्या दिल्यात, कडा कानशीनं गोल केल्यात आणि ट्रकच्या जुन्या ट्यूबचं रबर कापून वॉशर बनवलेत. थेंबभर पाणी येत नाही. नांगर मात्र स्वतः बनवून द्यायला तुम्ही साफ नकार दिलात. वेल्डिंग माझंच असलं तरी तुझा जीव त्याला टांगणार नाही, म्हणालात. माझ्या लेखी ही सगळ्यात मोठी मदत.

खडकाळ जागेसाठी चार पाकळ्यांचाही जवळ ठेवलाय, तुमच्या युक्तीसकट. साखळी वरच्या कडीला न लावता तळाच्या कडीला लावायची, दांड्यावरून वर आणायची आणि वरच्या कडीला बारीक केबल टायनं बांधायची. नांगर फटीत रुतला तर बरोबर वर येऊन जोरात ओढायचं. टाय तुटतो आणि नांगर शेपटाकडून मोकळा होतो. लाटांच्या हिसक्यानं टाय आपोआपही तुटू शकतो, म्हणून तसा नांगर टाकून मी कयाक सोडून कुठं जात नाही.

सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आजूबाजूला मात्र कुठलाच नांगर टाकत नाही. तिथं पाण्याखाली प्रवाळ आहे आणि मालवणचं सागरी अभयारण्य 1987 पासूनचं. तुम्ही अभयारण्याचं नाव काढलं नव्हतं. "थंय दगड जिते आसत" एवढंच म्हणाला होतात.

एका गोष्टीत तुमचं ऐकणार नाही. पोहता येणाऱ्याला लाइफ जॅकेट लागत नाही हे तुमचं मत तुमच्यापाशी ठेवा. दिवाळीनंतर पाणी निवळलं की तुम्हाला मागच्या सीटवर बसवून कर्लीत न्यायचं ठरवलंय, आणि तुमच्या मापाचं जॅकेट आणून ठेवलंय. वहिनींची परवानगी मी घेतली आहे, त्यांची अट जॅकेटचीच आहे.

पट्ट्यांचे आणखी दोन जोड लागतील. मित्रानं कयाक घेतली आहे. या वेळी पैसे घ्या.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

तुमचा,
कयाकवाला