माजी सैनिकांच्या शेवटच्या दुखण्यासाठी : मंत्रिमहोदयांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, माजी सैनिक कल्याण,
महाराष्ट्र राज्य

विषय : सातारा जिल्ह्यातील वयोवृद्ध आणि दुर्धर आजारी माजी सैनिकांना घरपोच उपचार मिळण्याबाबत.

महोदय,
सादर नमस्कार.

साताऱ्यात माजी सैनिकांसाठी सुसज्ज रुग्णालय हवं, ही मागणी आपल्यापर्यंत आली असेलच. ती रास्त आहे. माझी मागणी तिच्या आधीची आहे आणि तिला पैसाही फार लागणार नाही. एक गाडी, एक डॉक्टर, दोन परिचारिका आणि तीव्र वेदना शमवणाऱ्या मॉर्फिनच्या गोळ्या ठेवण्याची रीतसर मान्यता. एवढं पथक माण आणि खटाव तालुक्यांत फिरू लागलं, तर आज घराघरांत कण्हत पडलेल्या कितीतरी माणसांना रात्रीची झोप मिळेल.

जिल्ह्यातल्या एका धर्मादाय रुग्णालयात मी ज्येष्ठांचा आणि पॅलिएटिव्ह उपचारांचा विभाग सांभाळते. बरा न होणारा कर्करोग, निकामी होत चाललेलं हृदय किंवा फुप्फुस, पक्षाघात, स्मृतिभ्रंश, अशा दुखण्यांत रुग्णाच्या वेदना, धाप, जखमा आणि घरच्यांची ओढाताण कमी करणं हे आमचं काम. आमच्याकडच्या वृद्ध पुरुषांत फौजेतून आलेले पुष्कळ असतात, आणि या जिल्ह्यात ते साहजिक आहे. अपशिंगे मिलिटरी या एका गावातले ४६ जण पहिल्या महायुद्धात कामी आले, त्यांचं स्मारक गावात उभं आहे. पेन्शनीत आलेला माणूस शिपाई असो की सुभेदार, आमच्याकडे गावभर त्याला 'मेजर' म्हणूनच हाक मारतात. १९७१च्या लढाईत विशीत असलेले हे मेजर आता पंचाहत्तरीच्या घरात आहेत. १९६५चे तर त्याहून थकलेले.

त्यांचे आजार चारचौघांसारखेच. फरक एवढाच, की ते दुखणं सांगत नाहीत.

माण तालुक्यातल्या एका निवृत्त हवालदारांकडे गेले होते. प्रोस्टेटचा कर्करोग मणक्यात उतरलेला. "कसं वाटतंय?" विचारलं, तर म्हणाले, "ठीक आहे मॅडम." दुखतंय का विचारलं, तर "तसं काही नाही, चालायचंच." पाठ ताठ, दाढी केलेली, शर्टाची वरपर्यंत बटणं लावलेली. मुलगा म्हणाला, अण्णांची कधी तक्रारच नसते. मी निघणार, तेवढ्यात त्यांच्या पत्नीने, काकींनी, मला स्वयंपाकघरात बोलावलं आणि हळू आवाजात सांगितलं, की गेले काही आठवडे ते आडवेच झाले नाहीत. फौजेतल्या लोखंडी ट्रंकेला टेकून रात्र काढतात आणि कळ आली की टॉवेलचा बोळा तोंडात धरतात, शेजारच्या खोलीत नातवंडं झोपलेली असतात म्हणून. तो टॉवेल त्यांनी मला दाखवला. एका टोकाला दातांनी पार विरलेला होता.

परत जाऊन हवालदारांना वेगळा प्रश्न विचारला. आदल्या रात्री किती वाजता डोळा लागला आणि किती वाजता उघडला? याचं उत्तर मात्र त्यांनी घड्याळाच्या काट्यावर दिलं. फौजी माणसाला असंच विचारावं लागतं. किती सोसवतं हे तो सांगणार नाही, काय घडलं ते बिनचूक सांगेल.

त्यांना मॉर्फिन सुरू केलं. दहा मिलिग्रॅमची अर्धी गोळी, दर चार तासांनी, आणि त्यासोबत पोट साफ होण्याचं औषध, कारण मॉर्फिनने बद्धकोष्ठता होतेच. परिचारिका फोनवरून रोज चौकशी करत राहिली, मात्रा थोडी वाढवावी लागली. तिसऱ्या रात्री ते पाठ टेकून झोपले. पुढे दोन-अडीच महिन्यांनी ते घरीच वारले, माणसांत, जेवणाखाण्याचं बोलत. ही गोळी महाग नाही, उपचार नवीन नाही, आणि त्यासाठी आयसीयूही लागत नाही.

मग ती मिळत का नाही? याचं उत्तर थोडं सविस्तर देते, कारण तिढा इथेच आहे. १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानंतर मॉर्फिन ठेवणं इतकं किचकट झालं, की डॉक्टरांनी आणि दुकानदारांनी त्याचं नावच टाकलं. एकेका साठ्यासाठी वेगवेगळे परवाने, त्यांच्या वेगवेगळ्या मुदती. डॉक्टरांच्या एका अख्ख्या पिढीने तोंडाने घ्यायचं मॉर्फिन कधी लिहूनच दिलं नाही. २०१४मध्ये संसदेने कायद्यात दुरुस्ती केली. मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन यांच्यासह सहा औषधं 'अत्यावश्यक' ठरवली आणि परवान्यांची साखळी तोडली. आता वेदनाशमनाचं प्रशिक्षण घेतलेला डॉक्टर असलेल्या संस्थेला राज्याच्या औषध नियंत्रकाची मान्यता मिळाली, की ती ही औषधं ठेवू शकते. म्हणजे कायदा आडवा येत नाही. बहुतेक संस्थांनी अर्जच केलेले नाहीत. अर्ज होत नाहीत कारण प्रशिक्षित डॉक्टर नाही, आणि डॉक्टर प्रशिक्षण घेत नाही कारण औषध नाही. ही गाठ मंत्रालयातून एका पत्राने सुटू शकते.

घरच्यांची भीती खरी असते, ती हसण्यावारी नेऊ नये. "व्यसन लागेल का?" "हे शेवटचं औषध म्हणजे आता संपलंच का?" वेदनेसाठी, नेमक्या मात्रेत आणि देखरेखीखाली दिलेल्या मॉर्फिनचं व्यसन क्वचितच लागतं. त्याने मृत्यू जवळ येत नाही. धाप लागलेल्यालाही थोड्या मात्रेत ते आराम देतं. पण हे पटवायला घरी जाऊन, चहा घेत, सुनेला आणि मुलाला समोर बसवून बोलावं लागतं. ओपीडीच्या रांगेत ते होत नाही.

आता माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेविषयी. ईसीएचएस १ एप्रिल २००३ला सुरू झाली आणि तिने हजारो कुटुंबांना कर्जातून वाचवलं, हे मी रोज पाहते. ती केंद्राची योजना आहे, आपल्या खात्याची नाही, याचीही मला कल्पना आहे. पण तिचा सगळा भर पॉलिक्लिनिकमध्ये, म्हणजे योजनेच्या दवाखान्यात, येऊ शकणाऱ्यांवर आणि रुग्णालयात भरती होणाऱ्यांवर आहे. माणमधल्या म्हसवडहून सातारा नव्वद किलोमीटरच्या आसपास. मणक्यात कर्करोग उतरलेल्या माणसाला जीपच्या मागच्या सीटवर आडवं घालून तेवढं अंतर आणायचं, कागद घ्यायचे आणि तेवढंच परत न्यायचं. एकदा जमतं, दुसऱ्यांदा घरचेच म्हणतात, राहू द्या. त्या दिवसापासून तो माणूस नोंदीतून गळतो. कार्ड चालू असतं, उपचार थांबलेले असतात.

दुसऱ्या बाजूला राष्ट्रीय आरोग्य अभियानाखाली २०१२पासून पॅलिएटिव्ह केअरचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे. त्यातून जिल्हा रुग्णालयांत खाटा आणि घरभेटी देणाऱ्या परिचारिका असणं अपेक्षित आहे. फौजेतला माणूस त्या दाराने जात नाही, कारण त्याच्या हातात वेगळं कार्ड आहे आणि त्याला सवय फौजेच्या दवाखान्याची. पुण्यात लष्कराचं कमांड हॉस्पिटल आहे, खडकीला कमरेखाली लुळ्या झालेल्या सैनिकांसाठी पॅराप्लेजिक केंद्र आहे, वारज्यात सिप्लाचं पॅलिएटिव्ह केंद्र १९९७पासून मोफत सेवा देतं. ही सगळी चांगली ठिकाणं आहेत आणि ती सगळी पुण्यात आहेत. दोन योजनांच्या मधल्या फटीत माण-खटावचा म्हातारा पडतो. त्या दोन योजनांना एका टेबलाशी बसवणं हे आपल्या खात्याचंच काम आहे, दुसरं कोणतं खातं ते करणार नाही.

अमेरिकेत माजी सैनिकांच्या प्रत्येक सरकारी रुग्णालयात २००३पासून पॅलिएटिव्ह पथक असणं बंधनकारक आहे. त्यांच्याकडे पैसा आहे, आपली तुलना तिथे नको. पण केरळने २००८मध्ये स्वतःचं पॅलिएटिव्ह धोरण केलं आणि पंचायतींच्या मदतीने, स्वयंसेवकांच्या बळावर गावोगाव घरभेटी सुरू केल्या. ते आपल्यालाही झेपण्यासारखं आहे. उलट एका बाबतीत आपण त्यांच्या पुढे आहोत, आणि या पत्रातली माझी सगळ्यांत महत्त्वाची सूचना हीच आहे.

ती जमेची बाजू म्हणजे आर्मी मेडिकल कोअरचे, म्हणजे लष्कराच्या वैद्यकीय दलाचे, नर्सिंग असिस्टंट. सतरा-अठरा वर्षं नोकरी करून, चाळिशीच्या आतबाहेर निवृत्त होऊन ही मुलं गावी येतात. जखमेची मलमपट्टी, कॅथेटर, सलाइन, ऑक्सिजन, हे सगळं त्यांनी बर्फात आणि वाळवंटात केलेलं असतं. गावी आल्यावर ते काय करतात? मेस्को या राज्याच्या माजी सैनिक महामंडळामार्फत किंवा खासगी एजन्सीतर्फे एखाद्या बँकेच्या, कारखान्याच्या दारात सुरक्षा रक्षक म्हणून उभे राहतात. कुठलंच काम हलकं नाही, पण हे कौशल्य वाया जातंय. नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीचा प्रश्न आहे, म्हणून त्यांना परिचारिकेच्या जागी नेमा असं मी म्हणत नाही. नोंदणीकृत परिचारिकेच्या हाताखाली सेवा सहायक म्हणून घ्या. काही आठवड्यांचं पॅलिएटिव्ह प्रशिक्षण द्या. मोटारसायकल आणि दवाखान्याची पिशवी द्या. दर दोन तासांनी कूस कशी बदलायची, पाठीची जखम कशी धुवायची, हे ते सुनेला शिकवतील. आणि मेजरांच्या अंगणात त्यांना ओळख करून द्यावी लागणार नाही. "कुठली पल्टन?" या एका प्रश्नावर जे दार उघडतं, ते आम्हा डॉक्टरांसाठी तितक्या सहज उघडत नाही.

वेदनेखेरीजही पुष्कळ आहे. तोफखान्यात नोकरी झालेले कितीतरी जण कानाने गेलेले असतात. डॉक्टर मग मुलाशीच बोलतो आणि रुग्णाच्या उपचाराचा निर्णय रुग्णाला न विचारता होतो. तीन दवाखान्यांच्या गोळ्या एकाच पिशवीत असतात, त्यात एकच रक्तदाबाचं औषध दोन नावांनी सापडतं, आणि चक्कर येऊन पडणं म्हणजे खुब्याचं हाड मोडणं. स्मृतिभ्रंश झालेले एक आजोबा पहाटे चारला उठून बूट शोधतात, फॉलइनला, म्हणजे रांगेत हजर व्हायला, उशीर होतोय म्हणतात. त्यांच्या सुनेने एक जुनी शिट्टी शोधून ठेवली आहे. ती वाजवून "डिसमिस" म्हणते, मग ते शांतपणे पुन्हा पडतात. तिला हे कुणी शिकवलेलं नाही. तिला आठवड्यातून एक दिवस तरी विश्रांती मिळावी, याची तजवीज आपल्या कुठल्याच योजनेत माझ्या पाहण्यात नाही. वीरपत्नींची आणि माजी सैनिकांच्या विधवांची स्थिती तर आणखी बिकट, कारण त्यांना सांभाळणारं घरात बहुधा कुणी उरलेलं नसतं.

अशी माणसं शोधायची कशी, तर त्यांची यादी जवळपास तयार आहे. दरवर्षी हयातीच्या दाखल्याची वेळ येते. जो स्वतः येऊ शकत नाही, ज्याच्यासाठी मुलगा विचारायला येतो, तोच बहुतेक वेळा अंथरुणाला खिळलेला असतो. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाने त्या वेळी एवढंच विचारावं : चालता येतं का, रात्री झोप लागते का, घरात कोण पाहतं. तीन प्रश्नांची ती यादी पथकाच्या हातात द्यावी.

आणखी एक काम हे कार्यालय करू शकतं. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ला शेवटच्या आजारातल्या उपचारांविषयीचं आगाऊ इच्छापत्र (लिव्हिंग विल) मान्य केलं आणि २४ जानेवारी २०२३ला त्याची पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसा आहे. उपचारांनी काही साधणार नाही अशा अवस्थेत व्हेंटिलेटर नको, असं शुद्धीत असतानाच लिहून ठेवता येतं. मी ज्या ज्या फौजींशी हे बोलले, त्यांना ते चटकन पटलं. नामनिर्देशनाचे कागद वेळेवर पुरे करायची त्यांना सवय असते. त्यांना हवा असतो मराठीतला एक साधा नमुना आणि शिक्का मारणारा कुणीतरी.

सुरुवात कुठून, तर माणमधलं दहिवडी आणि खटावमधलं वडूज. तिथल्या सरकारी ग्रामीण रुग्णालयात पथकाला एक खोली मिळाली, मॉर्फिनसाठी कुलपाचं कपाट मिळालं आणि तिथल्या एका डॉक्टराला प्रशिक्षणाला पाठवलं, की मान्यतेचा अर्ज करता येईल. डॉक्टरांचं आणि सेवा सहायकांचं प्रत्यक्ष प्रशिक्षण आमच्या विभागात करायला आम्ही तयार आहोत, त्याचं शुल्क घेणार नाही. आपण सैनिक कल्याण विभाग, जिल्हा शल्यचिकित्सक, अन्न व औषध प्रशासन आणि ईसीएचएसचे अधिकारी यांची एक बैठक साताऱ्यात लावावी. अर्जाचा मसुदा, प्रशिक्षणाचा आराखडा आणि एका वर्षाच्या खर्चाचा अंदाज घेऊन मी येईन. तारीख तेवढी कळवावी.

आपली विश्वासू,
ज्येष्ठ व पॅलिएटिव्ह विभागातील एक डॉक्टर,
सातारा