पहिल्याच दिवशी मराठी चित्रपटाचा खेळ ऐनवेळी रद्द केल्याबद्दल तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : शुक्रवारचा सकाळी ९.४५ चा खेळ न कळवता रद्द करणे, बुकिंग शुल्क परत न देणे आणि नव्या मराठी चित्रपटांना मिळणाऱ्या वेळा.

महोदय,

गेल्या शुक्रवारी लागलेल्या नव्या मराठी चित्रपटाची चार तिकिटे मी बुधवारी रात्रीच आपल्या अ‍ॅपवरून काढली होती. माझे, जावेचे, नणंदेचे आणि सासूबाईंचे. सासूबाई सत्याहत्तर वर्षांच्या आहेत. जयसिंगपूरहून पावणेआठची एसटी धरून, स्टँडवरून रिक्षा करून आम्ही साडेनऊला आपल्या कोल्हापूरच्या थिएटरात पोचलो. दारावरच्या मुलाने मोबाइलवरचा कोड दोनदा स्कॅन केला आणि म्हणाला, "मावशी, हा शो लागणार नाही. सातच तिकिटं गेलीत." कधी ठरले विचारले, तर "सकाळी वरून फोन आला" एवढेच त्याला ठाऊक. त्या मुलाबद्दल माझी काही तक्रार नाही, त्यानेच सासूबाईंना खुर्ची आणून दिली. शो रद्द झाल्याचा आपला मेसेज मात्र दुपारी सव्वाबाराला आला. तोवर आम्ही परतीच्या एसटीत बसलो होतो.

खुर्चीत बसल्या बसल्या सासूबाईंचे लक्ष पॉपकॉर्नच्या काउंटरमागे गेले. त्याच चित्रपटाचा माणसाएवढा पुठ्ठ्याचा कटआउट तिथे भिंतीकडे तोंड करून ठेवला होता. आम्हाला दिसत होती फक्त मागची बाजू, चिकटपट्टीने जोडलेले तपकिरी पुठ्ठे. "काढला होय गं सिनेमा?" त्यांनी मला विचारले. पहिल्या दिवशी, पहिल्या खेळाच्या आधी. १९२९ साली 'प्रभात' फिल्म कंपनी ज्या गावात उभी राहिली आणि १९३२ चा पहिला मराठी बोलपट जिथे तयार झाला, त्या कोल्हापुरात हे बघून मला फार वाईट वाटले.

पैशांचे आधी सांगते. तिकिटांचे ७२० रुपये मंगळवारी खात्यात जमा झाले. बुकिंग शुल्क प्रत्येक तिकिटामागे ३० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, असे चार तिकिटांचे १४१ रुपये ६० पैसे आपण ठेवून घेतले. चौकशी केल्यावर "हे शुल्क परत मिळत नाही" असे उत्तर आले. मी स्वतः तिकीट रद्द केले असते तर हे उत्तर मान्य केले असते. खेळ आपण रद्द केलात.

आता मूळ मुद्दा. आमच्या भिशीत अकरा जणी आहेत. नवा सिनेमा लागला की पहिला खेळ मी बघते आणि रात्री ग्रुपवर बोलून सांगते, जायचे की नाही, कुठे रडू येते, लहान मुलांना न्यावे का. मी "चला" म्हटले तर पुढच्या आठवड्यात अकरा जणी आपापल्या घरची माणसे घेऊन येतात. 'नको' म्हटलेलेही पुष्कळ आहेत, मराठी आहे म्हणून मी कुणाला खोटे सांगत नाही. २०२३ च्या जून अखेरीस 'बाईपण भारी देवा' लागला तेव्हा बायका घोळक्याघोळक्याने थिएटरात गेल्या, हे आपल्यालाही ठाऊक आहे. आम्हीही गेलो, पण दुसऱ्या आठवड्यात. शेजारणीने सांगितले म्हणून. मराठी सिनेमाची जाहिरात अशीच होते, एका घरातून दुसऱ्या घरात, आणि तिला आठ-दहा दिवस लागतात. शुक्रवारची सात तिकिटे बघून खेळ रद्द केला तर सांगायला कुणी उरतच नाही. मग सोमवारी "प्रेक्षकच नाहीत" म्हणून तो सिनेमा उतरवला जातो. याही वेळी तसेच झाले.

आणि सात तिकिटे का गेली, तेही बघावे. आपण दर बुधवारी 'या शुक्रवारी काय पाहाल' असा मेसेज पाठवता. त्यात पाच नावे होती, दोन हिंदी, दोन दक्षिणेकडचे डब केलेले आणि एक इंग्रजी. त्याच दिवशी लागणारा मराठी सिनेमा नव्हता. अ‍ॅपमध्ये तो शोधायला मला बरेच खाली जावे लागले. त्यातल्या एका हिंदी चित्रपटाला दिवसभरात चौदा खेळ, या मराठी सिनेमाला दोन. सकाळी पावणेदहा आणि रात्री पावणेअकरा. सकाळी शाळा, डबे, नोकरी असते आणि रात्री दीडला जयसिंगपूरला परतायचे कसे? २०१५ मध्ये राज्य सरकारने मल्टिप्लेक्समध्ये मराठी चित्रपटांना दुपारी १२ ते रात्री ९ या वेळेत स्थान देण्याचे ठरवले, ते याच अडचणीसाठी. हिंदी सिनेमाला खेळ देऊ नका असे मी म्हणत नाही, ते आम्हीही बघतो. चौदातला एक दुपारी तीनचा खेळ मराठीला दिलात तरी आमच्यासारख्यांची सोय होईल.

माझे १४१ रुपये ६० पैसे परत करावेत आणि न कळवता खेळ रद्द झाल्याचा लेखी खुलासा पंधरा दिवसांत पाठवावा. तो न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ या क्रमांकावर, तक्रार नोंदवीन. बुधवारच्या मेसेजमध्ये त्या आठवड्यात लागणारे सगळे सिनेमे, मराठीसुद्धा, यावेत. एकदा तिकीट विकले की पहिल्या तीन दिवसांतले खेळ, प्रेक्षक चार असोत की चाळीस, रद्द करू नयेत.

हा सिनेमा सासूबाईंना अजूनही बघायचा आहे. त्याचा दुपारचा एखादा खेळ पुन्हा लावणार असाल तर दिवस कळवा. अकराही जणी येतो, तिकिटे आधी काढतो.

आपली,
एक नियमित प्रेक्षक
जयसिंगपूर, जि. कोल्हापूर

सोबत : तिकिटाची प्रत, रद्द झाल्याचा मेसेज, बँकेची नोंद.