पेटीतल्या घरट्यांबाबत सूचना

सप्रेम नमस्कार,

अंगणात, गच्चीवर चिमण्यांच्या पेट्या लावलेल्या सर्व सभासदांसाठी. बऱ्याच पेट्यांत सध्या अंडी किंवा पिल्लं आहेत, तेव्हा पेटी उघडून पाहू नका, मोबाईल आत घालून फोटो तर नकोच. अंडी उबायला ११ ते १४ दिवस, मग पिल्लं उडायला साधारण दोन आठवडे. शेवटच्या दिवसांत धक्का लागला तर पिल्लं घाबरून वेळेआधीच बाहेर उडी घेतात आणि खाली मांजर टपलेलीच असते. पाहायचंच असेल तर दहा-बारा फुटांवर शांत बसा. चोचीत हिरवी अळी घेऊन आलेली मादी आधी तारेवर थांबते, इकडेतिकडे बघते, मगच आत शिरते. तुम्ही फार जवळ असाल तर ती तारेवरच ताटकळते आणि आत पिल्लं उपाशी ओरडत राहतात. हे पाहवत नाही हो.

सोलापूरचं ऊन आपल्याला नवं नाही. पत्र्याची पेटी मात्र भट्टी होते, ती पुढच्या खेपेला लावूच नका. लाकडी पेटीवरही दुपारी सावली हवी. घरटं चालू असताना जागा हलवू नका, वरून थोडं गोणपाट बांधा.

आणखी एक, कळकळीने सांगते. चादरीच्या मागावरचे लांब धागे अंगणात टाकू नका. चिमण्या ते घरट्यात नेतात आणि पिल्लांच्या पायाला फास बसतो.

आपापल्या पेटीच्या निरीक्षणाच्या नोंदी रविवारी संध्याकाळपर्यंत गटावर टाकाव्यात.