मनगटावरच्या पहाऱ्याच्या मर्यादा

संपादक महोदय,

एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांच्या हाताला आरोग्यघड्याळ बांधले की घरचे निर्धास्त होतात. हा निर्धास्तपणा तपासून पाहायला हवा. घड्याळाच्या तळाशी लुकलुकणारा हिरवा प्रकाश त्वचेखालील रक्तप्रवाहातील चढउतार टिपतो व त्यावरून नाडीचे ठोके मोजले जातात. परंतु पट्टा सैल असेल, हात गार पडला असेल किंवा थरथरत असेल तर हा आकडा भरकटतो, आणि उतारवयात हे सारे नित्याचेच असते. अशाच प्रकारे प्रकाशाच्या आधारे मोजणाऱ्या, बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर काळ्यासावळ्या त्वचेच्या व्यक्तींचे प्राणवायूचे प्रमाण प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसू शकते, हेही २०२० पासून ठळकपणे पुढे आले आहे. पडल्याचे ओळखणारी यंत्रणा मुख्यतः जोराचा धक्का आणि त्यानंतरची निश्चलता यांची सांगड घालते. त्यामुळे भिंतीला धरून हळूहळू खाली घसरलेली व्यक्ती तिच्या नजरेतून सुटू शकते. शिवाय रात्री चार्जिंगला लावलेले घड्याळ अंधारात स्वच्छतागृहाकडे निघालेल्या आजोबांच्या काय कामाचे?

ही साधने टाकाऊ आहेत, असे मुळीच नाही. एट्रियल फिब्रिलेशन हा हृदयाचे ठोके अनियमित करणारा आणि पक्षाघाताचा धोका वाढवणारा विकार अनेकदा लक्षणांवाचून असतो आणि त्याची चाहूल काही घड्याळे देतात. मात्र इशारा आल्यावर धावून कोणी जायचे, हे आधी ठरलेले असावे. आणि नोंदी कोणाला दिसाव्यात, हा निर्णय घड्याळ वापरणाऱ्या व्यक्तीचाच असावा, मुलांनी तो परस्पर घेऊ नये.

– एक वाचक