शुगर निघालेल्या माणसाशी कोणीतरी नीट बोला

मा. संपादक,
स.न.वि.वि.

डायबेटिसवर तुमच्या पेपरात अधूनमधून येतं, काय खावं काय टाळावं, ते चांगलंच आहे. पण ज्याला कालच कळलंय की आपल्याला शुगर आहे त्याच्या मनाचं काय होतं यावर कोणी लिहीत नाही, म्हणून हे पत्र.

माझे मिस्टर यंत्रमागावर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे, आहेत, पंचेचाळीशीतले. एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी रक्ताची तपासणी, ९ च्या वर आली, ६.५ आणि त्यापुढे म्हणजे डायबेटिस हे पण आम्हाला नंतर कळलं. दवाखान्यात गर्दी, डॉक्टर म्हणाले भात बंद, साखर बंद, रोज चाला, ह्या दोन गोळ्या, तीन महिन्यांनी या. झालं. माझ्या सासऱ्यांचा पाय शुगरनेच गेला होता त्यामुळे यांच्या डोक्यात शुगर म्हणजे पाय कापणार हेच बसलेलं. घरात बोलेनात, पोरांवर चिडायला लागले, आणि भीतीने जेवणच अर्धं केलं. गोळ्या मात्र वेळच्या वेळी चालू.

एकदा नाइट शिफ्ट करून आले ते घामाने थबथबलेले, हात थरथरतायत, बोलणं तुटक. गल्लीतल्या आशाताई, म्हणजे आरोग्याचं काम करणाऱ्या आशा सेविका, धावत आल्या, शुगरच्या मशीनवर ५८ दाखवलं. त्या म्हणाल्या तीन चमचे साखर पाण्यात घालून द्या लगेच. साखर! माझा हात डब्याकडे जाईना, कारण आम्हाला सांगितलेलं एकच, साखर बंद. त्यांनीच पाजली, पंधरा मिनिटांनी परत चेक केलं, वाढली तेव्हा चपाती भाजी खायला लावली. यांच्या दोन गोळ्यांतली एक अशी आहे की ती घेऊन उपाशी राहिलं तर शुगर खाली घसरते, ७० च्या खाली गेली की असं होतं, हे आम्हाला गोळ्या हातात देतानाच कोणी सांगायला नको होतं का?

नंतर डॉक्टरांकडून गोळी बदलून घेतली. पण खरा फरक पडला तो आशाताई आमच्या स्वयंपाकघरात तासभर बसल्या तेव्हा. म्हणाल्या भात सोडायची गरज नाही, वाटीने मोजून घ्या, आधी कोशिंबीर, उसळ, भाजी खा मग भात. ज्वारीची भाकरी चांगली म्हणून चार खायच्या नाहीत. गूळ चालतो हा गैरसमज, तोही साखरेसारखाच वाढवतो. जेवल्यावर दहा-पंधरा मिनिटं चालायचं, मागावर दिवसातून सात-आठ कप चहा होतो तो बिनसाखरेचा. पाय रोज बघायचे, वर्षातून एकदा डोळ्याचा पडदा आणि लघवी तपासायची. आणि सासऱ्यांचं मिस्टरांना समजावलं, की त्यांची शुगर कित्येक वर्षं कोणी तपासलीच नव्हती, तुमची वेळेत कळलीय. त्या दिवशी हे पहिल्यांदा नीट जेवले.

लोकांचं काय सांगू. खूप गोड खात असतील म्हणे. अहो, घराण्यात असतं, शिफ्टमुळे झोप नाही, पोट सुटलेलं, गोड एकट्याचं कारण नसतं. एका नातेवाईकाने तर सांगितलं बाहेर बोलू नका, पोरीच्या लग्नाचं बघायचंय. मग माणूस लपवतो, लग्नकार्यात जिलबीला नाही म्हणता येत नाही, कारण मग का ते सांगावं लागतं. २०२३ साली आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) अभ्यासात देशात १० कोटींच्या वर डायबेटिसवाले निघाले, मग लाज कोणापासून?

आरोग्य खात्याला माझी विनंती आहे की रिपोर्ट देतील त्याच दिवशी, किंवा आठवड्याच्या आत, पेशंटला आणि घरात जो स्वयंपाक करतो त्याला एकत्र बसवून अर्धा तास बोला, शुगर घसरली तर काय करायचं हे तर आधी सांगा. माणूस गप्प झालाय का, झोपतोय का, हेही विचारा. मनाच्या त्रासासाठी सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, तिचा १४४१६ नंबर फुकट आहे, तिथे मराठीत बोलता येतं, तो फाइलवर शिक्का मारून द्या. खाजगी दवाखान्यांनीही द्यावा. आणि तुमच्या पेपरने नव्याने शुगर निघालेल्यांचे प्रश्न मागवून आठवड्यातून एकदा तज्ज्ञांकडून उत्तरं छापलीत तर आमच्यासारख्या घरांना फार उपयोग होईल.

कळावे,
एक गृहिणी, इचलकरंजी