कॉम्प्युटर बंद पडला की आधी घड्याळ बघा

पुणे, रविवार, रात्री साडेदहा

ती. बाबा आणि ती. आईस,
सा. न. वि. वि.

हे सगळं फोनवर सांगण्यात अर्थ नाही. मी सांगते, बाबा, तुम्ही "हो हो, कळलं" म्हणता, आणि फोन ठेवला की आईला विचारता, "काय म्हणाली गं ती?" म्हणून कागदावर लिहितेय. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. पत्र कीबोर्डखाली ठेवा आणि जमेल तसं एकेक करा.

आधी भांडण. दीड महिना कॉम्प्युटर मधेच बंद पडतोय आणि मला कळलं कधी, तर आई कैरीच्या लोणच्याचं प्रमाण सांगत होती, त्यात तिच्या तोंडून निसटलं तेव्हा. "तुला कशाला उगाच त्रास!" अहो, कॉलेजात साठ मशीनची लॅब सांभाळते मी. दिवसभर दुसऱ्यांची हीच रडगाणी ऐकते, त्यात घरचं एक ऐकून काय झिजणार होते?

तुम्ही ज्या दुकानात मशीन दिलंत त्याचं नाव घेत नाही, तोंड कडू होतं. त्याने विंडोज नव्याने टाकलं, आठशे रुपये घेतले आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग म्हणाला, विंडोज १० आता बंद झालं काका, नवीन मशीनच घ्या. यात सत्य चिमूटभर आहे. विंडोज १० ची नेहमीची मोफत दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली, आणि सुरक्षेसाठी त्याचं काहीतरी करावं लागेलच. ते मी आल्यावर बघू. पण दुरुस्त्या थांबल्या म्हणून चालतं मशीन धाडकन डोळे मिटत नाही. विंडोज बिघडलं की ते काहीतरी बडबडतं, निळा पडदा येतो, इंग्रजी ओळी येतात, नाहीतर मशीन आपलं आपण पुन्हा सुरू होतं. तुमच्याकडे यातलं काहीच होत नाही. स्क्रीन काळी, पंखा गप्प, पुढचा दिवा विझलेला. याचा सरळ अर्थ, वीज तुटली. एकतर ती बाहेरून पोचली नाही, नाहीतर मशीनने स्वतःचा जीव वाचवायला स्वतःच तोडली. फॉरमॅट मारून यातलं काय सुधारणार होतं?

आता आई, खरी कमाल तुझी. बाबा म्हणत होते, "कधीही पडतो गं, काही नेम नाही." आणि तू दुधाच्या आणि सिलिंडरच्या नोंदींमध्ये, कालनिर्णयच्या चौकोनात बारीक अक्षरात "कॉ. बं." लिहून ठेवलंस, वेळेसकट! का, तर बाबा ओरडले की तुझं लक्ष आधी घड्याळाकडे जातं. तू वाचून दाखवलेल्या चौदा वेळा मी वहीत उतरवल्या. त्यातल्या नऊ सकाळी किंवा संध्याकाळी साडेसहा ते सातच्या मधल्या. चार दुपारी दोन ते चारच्या. एक मंगळवारी सकाळी अकराची, एकटीच. बाबा, प्रेसमध्ये बत्तीस वर्षं तुम्ही कागद मोजलेत, हिशोब जुळल्याशिवाय हललात नाहीत. आणि घरात मात्र "काही नेम नाही"?

आज संध्याकाळचा प्रकार तर तुम्हाला ठाऊकच आहे, पण मला इकडून काय दिसलं ते सांगते. मी लांबून तुमच्या स्क्रीनवर आले होते आणि इव्हेंट व्ह्यूअर उघडून बसले होते. मशीन स्वतःची रोजनिशी ठेवतं, ती तिथे वाचता येते. लाल खुणेच्या ओळींमध्ये एकच नाव पुन्हा पुन्हा, कर्नल-पॉवर, क्रमांक ४१. दुकानदाराने बहुधा हेच बघून विंडोजवर बिल फाडलं. पण ४१ म्हणजे नुसता पंचनामा. "मागच्या वेळी मशीन नीट बंद केलं गेलं नाही" एवढंच तो सांगतो, मारलं कोणी ते नाही. आत बगचेक नावाचा एक आकडा असतो. निळा पडदा येऊन पडलं असतं तर तिथे कसला तरी कोड सापडला असता. तुमच्या सगळ्या नोंदींत तिथे शून्य. म्हणजे विंडोजला काही कळायच्या आतच वीज गेली होती.

हे वाचत होते तोवर फोनमधून आईचा आवाज आला, "आलं गं पाणी!" मग खटका. मग मोटरची घरघर. आणि माझी स्क्रीन गोठली. सहा छत्तीस. बाबा, तुम्ही म्हणालात, "गेला बघ परत," आणि मी इकडे एकटीच हसत सुटले. आई, गुन्हेगार तू निघालीस!

म्हणजे अगदी तू नाहीस. मोटर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते. म्हणून तर तेव्हा ट्यूब मिचकते. आपल्या गल्लीत नळाला पाणी एकाच वेळी येतं, त्यामुळे सगळ्यांच्या मोटरी पाठोपाठ लागतात आणि व्होल्टेज खाली बसतं. गच्चीवरून एकलहऱ्याच्या वीज केंद्राच्या चिमण्या दिसत असल्या म्हणून काय झालं, जेलरोडच्या वायरीतून जेवढं येईल तेवढंच घरात येणार. २३० च्या जागी व्होल्टेज फार खाली गेलं की यूपीएसला, म्हणजे लाइट गेली की मशीन बॅटरीवर चालवणाऱ्या त्या डब्याला, वाटतं लाइट गेली, आणि तो डोळ्याचं पातं लवायच्या आत बॅटरीवर उडी मारतो. बॅटरी धड असती तर तुम्हाला नुसती 'टिक' ऐकू आली असती. पण ती २०२० ची आहे, लॉकडाऊनमध्ये मशीनबरोबर घेतलेली. आत शिशाची बारा व्होल्टची छोटी बॅटरी असते, आणि तिचं आयुष्य साधारण दोन-तीन वर्षांचं. ती केव्हाच देवाघरी गेलीय. यूपीएस उडी मारतो आणि थेट विहिरीत पडतो. यूपीएस नसता तर असले बारीक झटके मशीनने एखादवेळेस पचवलेही असते.

हा झाला माझा अंदाज. लॅबमध्ये असं कितीदा पाहिलंय, तरी खात्री करूनच पैसे खर्च करायचे. कॉम्प्युटर आणि मॉनिटर दोन्ही यूपीएसवरून काढा आणि चार दिवस थेट भिंतीच्या बोर्डवर चालवा. आई, तू मोटर नेहमीच्याच वेळेला लाव, उगाच बाबांची दया करू नकोस. सकाळ-संध्याकाळचं बंद पडणं थांबलं, तर चोर सापडला. यूपीएस नुसताच तपासायचा असेल तर त्याला कॉम्प्युटर लावू नका. माळ्यावरच्या जुन्या टेबल लॅम्पमध्ये साठचा पिवळा बल्ब घालून तो लावा आणि यूपीएसचा भिंतीवरचा खटका बंद करा. एलईडी नको, त्याचं यूपीएसला काही ओझंच वाटत नाही. बल्ब दहा-पंधरा मिनिटं तरी जळायला हवा. लगेच विझला, तर बॅटरी गेली. मग पूर्ण यूपीएस बदलू नका, कोणी कितीही सांगितलं तरी. आतली बॅटरी मिळते, बारा व्होल्ट सात एएच म्हणायचं, हजाराच्या आसपास. जुनी दुकानातच परत द्या, शिशाचे थोडे पैसे वळते होतात. ती कचऱ्यात टाकायची नसते.

दुपारच्या चार नोंदींचा मात्र मोटरशी संबंध नाही. तेव्हा बाबा कीर्तनाचे व्हिडिओ लावून वर टायपिंगही करत असतात, आणि चैत्रातलं ऊन पश्चिमेच्या खिडकीतून थेट कॅबिनेटवर येतं. आजच्या व्हिडिओ कॉलमध्ये मला आणखी एक गोष्ट दिसली. आई, कॅबिनेटवर तुझा क्रोशाचा रुमाल आहे! पांढरा, मोराचा. सुंदर आहे, पण तो जिथे अंथरलाय तिथूनच गरम हवा बाहेर पडते. त्यात भर म्हणून देव्हाऱ्याची उदबत्ती हातभर अंतरावर, आणि सिंहस्थासाठी गावभर रस्ते खणलेत त्याची धूळ. तेलकट धूर आणि धूळ एकत्र आली की पंख्याच्या पात्यांवर गोधडीसारखा थर बसतो. प्रोसेसर तापला की आधी स्वतःचा वेग कमी करतो, तेव्हा तुमचा व्हिडिओ अडखळतो. तरीही तापमान शंभर अंशांच्या घरात गेलं की जळून जाण्याऐवजी मशीन वीज तोडून मोकळं होतं. बंद पडण्याआधी व्हिडिओ अडखळत होता का आणि पंखा जोरात ओरडत होता का, ते आठवून सांगा. मोटरच्या वेळी असं काही होत नाही, तेव्हा एकदम अंधार.

तपासायला सोपं आहे. दुपारी बंद पडला की लगेच सुरू करा आणि सुरू होताना डिलीटचं बटण टकटक दाबत राहा. निळसर पान येईल, त्यात सीपीयू टेम्परेचर शोधा. चाळीस-पन्नास असेल तर ठीक. तिथे काहीच काम चालू नसताना ऐंशी दिसलं, तर धूळ साचलीय, नाहीतर पंखा नीट बसलेला नाही. त्याला चार कोपऱ्यांत प्लास्टिकच्या चार खुंट्या असतात. रिक्षात मांडीवर घेऊन खणलेल्या रस्त्यावरून मशीन नेलंत-आणलंत, त्यात एखादी उचकटली असेल तर नवल नाही. त्या खुंट्यांना हात लावू नका. तिथला लेप नव्याने लावावा लागतो, ते मी येऊन करीन.

धूळ मात्र तुम्ही काढू शकता. खटका बंद करून प्लग काढा, मग पुढचं बटण दोन-तीनदा दाबा म्हणजे आत उरलेली वीज निघून जाईल. डाव्या बाजूचे मागचे दोन स्क्रू हातानेच फिरतात. कोरडा रंगाचा ब्रश घ्या, नवा, बारीक केसांचा. पंख्याचं पातं एका बोटाने धरून ठेवा आणि मग झाडा, गरगर फिरू देऊ नका. ओलं फडकं अजिबात नको. आई, हे तुला सांगतेय. आणि मागे तो चौकोनी लोखंडी डबा दिसेल, ज्यात वायर जाते, तो एसएमपीएस, आतल्या सगळ्या भागांना वीज पुरवणारा. तो बाहेरूनच झाडायचा, उघडायचा नाही. प्लग काढल्यावरही त्याच्या आत बराच वेळ वीज साठून असते.

थेट भिंतीवर लावून आणि आत थंड असूनही बंद पडत राहिला, तर मग तो एसएमपीएसच. मंगळवारची अकराची नोंद त्याच्यामुळे असेल असा मला थोडा संशय आहे. त्याची बारा व्होल्टची वायर ११.४ ते १२.६ च्या मध्ये राहायला हवी, कमी होत गेली तर तो म्हातारा झाला. दुरुस्त करत बसायचं नाही, नवा टाकायचा. पण हे सगळ्यात शेवटी.

एक गोष्ट मात्र उद्याच, कॉम्प्युटर राहिला बाजूला. आई, कॅबिनेट पुसताना हाताला झिणझिण्या येतात, असं तू हसत हसत म्हणालीस. ते हसण्यावारी न्यायचं नाही. त्या बोर्डला अर्थिंग नाही, किंवा प्लगची मोठी पिन तुटलीय. वायरमनला बोलावून बोर्ड तपासून घ्या, आणि तोवर त्या मशीनला ओल्या हाताने, अनवाणी शिवू नका. दोन पिनेचा कन्व्हर्टर लावला असेल तर आधी तो फेकून द्या.

बाबा, वंशावळीचं वाचून मला खरंच वाईट वाटलं. रामकुंडावर उपाध्यायांच्या वहीतून एवढ्या खटपटीने नावं उतरवून आणलीत, पणजोबांच्या मोडी सहीसकट, आणि ऐन खापरपणजोबांपाशी मशीन मेलं. दर दोन नावांनंतर कंट्रोल दाबून एस मारायची सवय लावा. रात्री झोपताना फाइल पेन ड्राइव्हवर टाका. दिवाळीत दिलेला लाल पेन ड्राइव्ह आईच्या शिवणाच्या डब्यात आहे, मला दिसला होता. आणि उपाध्यायांच्या वहीवरून हाताने लिहून आणलेला तो मूळ कागद "आता टाइप झालंय" म्हणून रद्दीत देऊ नका.

पुढच्या रविवारी सात वाजता फोन करते. आई, तोवर "कॉ. बं." पुढे आणखी एक अक्षर लिही, मोटर चालू असेल तर मो., व्हिडिओ चालू असेल तर व्ही. काहीच नसेल तर नुसती फुली. बाबांना वाचून दाखवायला सांग, तू वाचलंस तर ते मधेच दुरुस्त्या सांगतात.

तुमची,
सुमी

ता. क. मोराचा रुमाल माझ्यासाठी काढून ठेव, फेकू नकोस. आणि प्रिंटर लेझरचा आहे ना? त्याचा प्लग यूपीएसच्या मागे खोचलेला असेल तर तोही भिंतीवर न्या. छापताना तो आत तापतो आणि वीज खूप ओढतो, यूपीएसला ते झेपत नाही. बाबा, त्या मंगळवारी अकरा वाजता तुम्ही काही छापत होतात का?